पेन्यास्कोला जाणाऱ्यांसाठी

५ मार्च, मंगळवार

एका दिवसात बत्तीस पॉलिसी! कॉलेजांना सुट्ट्या लागल्या आणि सगळं ॲरिझोना सीमेपलीकडे पेन्यास्कोच्या समुद्रात डुंबायला निघालं. दुकानाबाहेर रांग, रांगेत उघडीबंब गोरी पोरं. प्रत्येकापुढे तेच पुराण — इथला गाडीचा विमा तिकडे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्या, तो दिवसावर मिळतो. किती दिवस? परत कधी? मग माझा फुकटचा सल्ला: गाडीच्या कागदांची झेरॉक्स ठेवा. स्टेपनीत हवा बघा. पाणी भरपूर. कप्प्यात बंदुकीची एक जरी गोळी राहिली असेल तर इथेच काढा, तिकडे तुरुंग आहे. आणि अंधार पडायच्या आत पोचा, रस्त्यात गुरं बसतात.

एक दाढीवाला म्हणाला, "तुमची मजा आहे. दर रविवारी जात असाल!" मी त्याच्या पॉलिसीवर शिक्का मारला. लुर्देसबाई — दुकान त्यांचं — पटकन म्हणाल्या, "तिला वाळू चावते." भली बाई आहे.

सीमेपासून सव्वा तासाचा रस्ता. तिथे माझ्या आईचं घर आहे. ते पाहून बावीस वर्षं झाली.

८ मार्च, शुक्रवार

पाय सुजलेत. बाकी काही नाही.

९ मार्च, शनिवार

नाबोरचा फोन. माझा धाकटा भाऊ, एरवी दोन वाक्यांत फोन ठेवतो. आज थांबेचना. आईची मूत्रपिंडं दमली आहेत. डॉक्टर म्हणतात मशीनवर ठेवू, आई म्हणते घरातून हलणार नाही. "ईस्टरपर्यंत काढेल, ताई. पुढचं मी सांगू शकत नाही." मग म्हणाला — "रोज खुर्ची दारात ठेवायला लावते. तोंड रस्त्याकडे. समुद्राकडे नाही."

रडले. भांडी घासली. परत रडले.

१२ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंना फोन. इथे राहण्याच्या कागदांचा माझा अर्ज अडकून दोन वर्षं झाली, अजून दीडेक वर्ष लागेल म्हणतात. "कूकाबाई, एक पाऊल बाहेर टाकलंत की अर्ज संपला. इतकी वर्षं बिनकागदाच्या राहिलात, दहा वर्षं परत येता येणार नाही."

दहा वर्षांनी मी एकसष्ट!

आई शेवटचे दिवस मोजते आहे, म्हटलं, काही सवलत? मागता येते म्हणाल्या, पण मिळेल असं वाटत नाही, आणि उत्तराला महिने लागतात. म्हणजे मरणानेसुद्धा यांच्या सवडीने यायचं. फोन आपटला. मग वाईट वाटलं, त्या बाईंची काय चूक?

उत्तरेला कागद तपासणारी चौकी, दक्षिणेला सीमेचं कुंपण. मधल्या या टीचभर पट्ट्यात मी लोकांना समुद्रावर धाडत बसते.

१३ मार्च, बुधवार

हिमेना म्हणाली, "मी जाते." माझी लेक, एकवीस वर्षांची, इथेच जन्मली, पासपोर्ट आहे. "तीन दिवस जाते. आजीला तुझ्या वाटणीचं बघून येते, मम्मी." आजीला तिने फक्त फोनवर पाहिलंय. तिला कुशीत घेतलं तर म्हणते, "आता रडू नकोस, मला कामावर जायचंय."

चला, एक गोष्ट ठरली. २३ तारीख, शनिवार. आता तयारी!

१७ मार्च, रविवार

दिवसभर गाडी. साऱ्या जगाला हवा बघा म्हणून सांगते आणि घरचीच स्टेपनी चपटी! नाक कापलं. वायपर बदलले, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, इंजिनचा पट्टा तपासून घेतला.

मग हिमेनाला समोर बसवलं. पलीकडे मेक्सिकोच्या कस्टमच्या कमानीत दिवा लागतो. हिरवा तर थांबायचं नाही. लाल तर बाजूला घ्यायचं, डिकी उघडायची, गोड बोलायचं. सोनोइता गावात हळू, गतिरोधक उंच आहेत. रस्ता मी गिऱ्हाइकांच्या तोंडून पाहिलाय. कुठे खड्डा बुजला, कुठे नवा पंप झाला, सगळं पाठ आहे.

"मी परीक्षेला चालले आहे का, मम्मी?"

"हो. लाल दिवा लागला तर?"

"गोड बोलायचं."

"गुरं आडवी आली तर?"

"त्यांच्याशीही गोड बोलायचं."

असली कार्टी! पण हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

२० मार्च, बुधवार

हिमेनाने डिकी उघडली. आईसाठी मऊ उशी, पायाला लावायचं मलम, कॉफी — इथवर ठीक. त्याखाली माझा लोखंडी तवा. लाटणं. माझी लोकरीची शाल, शिवणाचा डबा.

"तीन दिवसांसाठी तवा?"

म्हटलं, "आजीचा जळका आहे. गव्हाची तोरतिया त्यावर चिकटते."

"बावीस वर्षांपूर्वी जळका होता ना?"

देवाशपथ, मुद्दाम नव्हतं भरलं. हात आपोआप गेले. ती तव्याकडे बघत राहिली, मग तिने डिकी बंद केली. तवा काही बाहेर काढला नाही.

२१ मार्च, गुरुवार

तिची पॉलिसी मीच केली. चालक: हिमेना. दिवस: तीन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तारीख चुकली, कागद फाडून नवा घेतला.

लुर्देसबाई बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "शनिवारी येऊ नकोस. रविवारीही नको." मला काय झालंय, म्हटलं, गाडीत काय मी बसणार आहे? त्यांनी माझा गाल थोपटला आणि आत निघून गेल्या.

२२ मार्च, शुक्रवार

हिमेना जेवता जेवता — "मम्मी, मी आता मोठी आहे. भात करता येतो, ताप आला तर गोळी घेता येते. आणि शनिवारी सुट्टी असते मला. दर शनिवारी. सव्वा तासाचा तर रस्ता. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

गप्प बस, म्हटलं. जेव.

तिने जेवण टाकलं नाही. मी टाकलं. हिला एकटीला ठेवायचं? आणि तिकडे ती खुर्ची? जीव दोन्हीकडे ओढतोय. भीती वाटते, फार भीती वाटते.

२३ मार्च, शनिवार. पेन्यास्को.

कमानीत हिरवा दिवा लागला. हिमेना थांबली नाही.

आई दारातच होती. दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. म्हणाली, "किती दिवस आहेस, कूका?"

म्हटलं, "तू कंटाळशील इतके."