फोलाकेचा केक

ॲडम्सटाउन, आयर्लंड, २०१७

प्रिय अक्का,

धाकट्या शैलाचा नमस्कार. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तू ते भाऊजींना वाचून दाखवशील.

शेजारी नायजेरियाची फोलाके राहते. दर रविवारी चर्चमधून येताना आपल्या पूर्वाला केक देते. मला पहिल्यापासून संशय, गोड खाऊ घालून ही माझ्या नातीला बाटवणार! पूर्वा म्हणते, "इट्स ग्रँड, आजी!" मग मीही दर चतुर्थीला तिच्या मुलांना मोदक द्यायला लागले. आपला देवही काही कमी नाही.

काल रविवारीच चतुर्थी आली. ती केक घेऊन, मी मोदक घेऊन, दोघी एकदम दारात.

"आंटी, खरं सांगा," ती म्हणाली, "माझ्या मुलांना हिंदू करायचंय का?"

"छे गं! नुसता प्रसाद आहे."

"माझ्या पणजोबांना एक व्यापारी फुकट मीठ द्यायचा. ते मुसलमान झाले. आईला आयरिश सिस्टर्सनी शाळेत दूध दिलं, ती ख्रिश्चन झाली. आमच्या घरात प्रत्येक धर्म असाच आला, हातावर काहीतरी ठेवत."

"मग तू केक का देतेस?"

ती हळूच म्हणाली, "पास्टर म्हणाले, शेजाऱ्यांना आधी खाऊ घाला."

आम्ही दोघी पोट धरून हसलो गं. पण घरात आल्यावर मी तो केक आधी गणपतीपुढे ठेवला, मगच पूर्वाला दिला.

तुझीच,
शैला