तिसऱ्या रॉकरवरची चीर

मी, महांतेश रुद्रय्या हिरेमठ, वय ६७, धंदा इंजिन दुरुस्ती, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, शुद्धीवर असताना स्वहस्ते लिहीत आहे. उद्या सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी शांतव्वा हिची. घर विकण्यास तिला कोणी भरीस घालू नये.

२. लेथ व माझी सर्व हत्यारे मुलगी प्रेरणा हिची. बारीक माप घेण्याचा मायक्रोमीटर कोणास उसना देऊ नये. आमचे जुने गिऱ्हाईक उदयसिंह यांना तर नाहीच. "पोरीच्या हातात इंजिन देत न्हाय," म्हणून त्यांनी दारातून गाडी परत नेली होती.

३. उद्यमनगरातील गॅरेज निम्मे प्रेरणाचे, निम्मे माझा धाकटा भाऊ संगमेश, राहणार कुरुंदवाड, याचे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सन २००५ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या जीपचे इंजिन आम्ही दोघे जरा जोमदार करत होतो. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त उचलणार, म्हणून स्प्रिंगही थोडी कडक हवी. संगमेशने तीन दिवस मोजमाप करून स्प्रिंग निवडली. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म नवेच घाल म्हणाला, कारण कडक स्प्रिंगचा जोर त्यांच्यावर येतो. नवे यायला आठवडा होता, गिऱ्हाईक घाई करत होते. मी जुनेच धुऊन बसवले. तिसऱ्यावर केसाएवढी चीर होती. ती मी पाहिली, आणि तरी तो बसवला.

दुसऱ्या दिवशी संगमेश चाचणीसाठी मलकापूरच्या पुढे घाट चढत होता. ट्रक ओलांडताना रॉकर तुटला, इंजिनाचा दम गेला, समोरून टेंपो आला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात त्याने कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, "तुझी स्प्रिंग जास्त कडक झाली." पुढे त्याने कधी पाना हातात धरला नाही.

गेल्या गुरुवारी तशाच एका कामासाठी प्रेरणाने माळ्यावरून त्या जीपचे उरलेले रॉकर काढले. "अप्पा, हे चालतील की," म्हणाली. चाचणीला गाडी ती स्वतःच नेणार होती. मी ते तिच्या हातातून हिसकावून घेतले. का, म्हणून तिने दोनदा विचारले.

शुक्रवारी कुरुंदवाडला जाऊन संगमेशला सगळे सांगितले. तो म्हणाला, "अण्णा, म्हंजे माझी स्प्रिंग बरोबर हुती?"

मी हो म्हणालो.

"एकोणीस वर्षं तीच मोजतोय मी मनात."

गॅरेजचा निम्मा वाटा तुझ्या नावे लिहितो म्हणालो, तो त्याने नाकारला. "कागदात लिहून मोकळा हुतोस व्हय? पोरीला जित्ता असतानाच सांग. माझ्यासमोर."

काल तो कोल्हापुरास आला. त्याच्यासमोर मी प्रेरणाला सांगितले. ती माझ्याशी अद्याप बोललेली नाही. त्यावरून तिला कोणी बोल लावू नये. तिने काकाला खुर्ची दिली, इंजिनाचे हेड त्याच्या पुढ्यात ठेवले आणि कोणती स्प्रिंग घालायची ते विचारले. त्याने मायक्रोमीटर मागितला.

वाटा नको हे त्याचे म्हणणे. कलम ३ मी बदलणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खरा आहे. साक्षीदारांसमोर सही करतो.

महांतेश रुद्रय्या हिरेमठ

साक्षीदार:
डॉ. राजनंदिनी पाटील, शाहूपुरी
आकाराम चौगुले, उद्यमनगर

कोल्हापूर, रविवार, दि. १० नोव्हेंबर २०२४