अठ्ठेचाळीस चित्रं

शनिवार, ५ जानेवारी १९७४

पोचलो एकदाचे! रोह्याहून पहाटेची एस.टी. धरली, ठाण्याला बदलली आणि दुपारी भिवंडीत उतरलो. सामान म्हणजे एक ट्रंक, दोन बोचकी, स्टोव्ह आणि भाऊ. भाऊ म्हणजे माझे वडील. पोस्टमनपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, तोंडात स्वतःचा एकही दात नाही, पण प्रवासभर कंडक्टरला नद्यांची नावं शिकवत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. ओळखच दाखवली नाही.

खोली कामतघरला, तळ्याच्या अलीकडे. मालकीण ठमाबाई. एकट्याच राहतात, भातशेती आहे, दोन म्हशी आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, सव्वीस वर्षांची झालीस तरी लगीन न्हाय? मी म्हटलं, भाऊंना सांभाळणारा नवरा मिळाला की करीन. त्यावर त्या इतक्या हसल्या की म्हैस दचकली. बाई आवडल्या मला.

चहूकडे यंत्रमागांची खडखड. फडताळातली भांडी आपोआप सरकतात. भाऊ म्हणाले, पिठाच्या गिरणीत बिऱ्हाड केल्यासारखं वाटतंय. पण खूश आहेत. मीही आहे. ड्रॉइंग मास्तरणीचं सर्टिफिकेट घेऊन चार वर्षं घरी बसले होते, आता कार्टूनच्या फिल्मची चित्रं काढणार. आणखी काय हवं?

मंगळवार, ८ जानेवारी

कामाची जागा म्हणजे मागांच्या शेडवरचा एक गाळा. मालक श्रीनाथसर. मुंबईत जाहिरातींची कार्टून करायचे, इथे भाडं कमी म्हणून आले. सज्जन माणूस, पण विसरभोळा. आज त्यांनी ब्रश चहात बुडवला आणि तसाच चहा प्याले. खालच्या मागांनी जमीन इतकी थरथरते की टेबलांच्या पायांखाली ट्रकच्या टायरचे तुकडे घातलेत. कॅमेरा फक्त शुक्रवारी चालतो. त्या दिवशी माग बंद असतात, एरवी चित्र हलतं.

फिल्म मुलांसाठी आहे. घटाघट नावाचा राजा गावाचं तळं एकटाच पितो. लोक घागरी घेऊन येतात तेव्हा चिडून राक्षस होतो. शेवटी पोरं त्याला हसवतात आणि तो पुन्हा माणूस होतो. माणसाचा राक्षस व्हायला पडद्यावर चार सेकंद लागतात आणि त्या चार सेकंदांना अठ्ठेचाळीस चित्रं. ती सगळी माझ्या गळ्यात. सरांनी पहिल्याचं आणि शेवटच्याचं कच्चं रेखाटन दिलंय. म्हणाले, समोर जिवंत माणूस बसव, नाहीतर राजा रबरी वाटतो.

भाऊंना विचारलं. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली, भुवया वर चढवल्या आणि असा काही जबडा पुढे काढला की मला हसता हसता ठसका लागला. आयुष्यभर मुलांवर हात उगारला नाही या माणसाने, आणि राक्षस व्हायची हौस पाहा.

शुक्रवार, ११ जानेवारी

आज पहिली बारा चित्रं कॅमेऱ्याखाली गेली. माझं पेन्सिलचं चित्र सर पारदर्शक सेलवर उतरवतात, रंगवतात, मग एकेक सेल कॅमेऱ्याखाली ठेवून दोनदा बटण दाबायचं. माग बंद होते, त्या शांततेत कानात दडे बसल्यासारखं झालं. बाराव्या चित्रात राजाला दात फुटतात. भाऊंच्या हिरड्या बघून मी तिथे लहान लहान सुळे घातलेत. छान उतरले.

घरी आले तर भाऊ गाल धरून बसलेले. हिरड्या ठणकतायत म्हणाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. ठमाबाईंनी तिळाचे लाडू दिले. असले कडक की माझीच दाढ हलली. भाऊंनी चार खाल्ले. कडाकडा. कवळी वाटीत होती.

मी तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीला सहा, वरच्या चार. पांढरेशुभ्र, बारीक, टोकदार. भाऊ लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, म्हातारपणी असं होतं असं ऐकलं होतं, पाहिलं आज. भाऊंनी येताना चणे घेतले. मीही हसले. का हसले कोण जाणे, मला ते दात आवडले नव्हते.

शनिवार, १९ जानेवारी

काल चोविसाव्या चित्रापर्यंत झालं. या बारांत राजाची पाठ रुंद होते, मान आखूड होते.

आज सकाळी भाऊंच्या सदऱ्याची शिवण उसवली. वाकलेली पाठ ताठ झालीये, काठी कोपऱ्यात पडून आहे. विहिरीवरून दोन हंडे एका दमात आणले. ठमाबाई म्हणाल्या, "तुजा बापूस जवान होतंय का काय गो?" मस्करीच होती, पण त्या भाऊंकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या.

जेवायला बारा भाकऱ्या. मग माझ्या ताटातली. मग त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाले, पोट भरतच नाही गं, लाज वाटते. बोलताना जीभ दातांत अडकते त्यांची.

शुक्रवार, २५ जानेवारी

आता मला माहीत आहे. वेडी म्हणा, काही म्हणा.

आज मी मुद्दाम ठमाबाईंना घरी बसवून गेले होते. सरांनी पंचविसावं चित्र घेतलं तेव्हा घड्याळ पाहिलं, दहा वाजून पाच. छत्तिसावं, अकराला दहा कमी. याच वेळात भाऊ ओसरीवर कळवळत होते, असं ठमाबाईंनी मी न विचारता सांगितलं. आधी कान मागे सरकले, मग जबडा खाली. छत्तिसाव्या चित्रात जबडा छातीला टेकतो. मीच तो टेकवलाय. सर म्हणाले होते, आणखी भीतिदायक कर, आणि मी केलं. शाबासकी मिळावी म्हणून केलं!

भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेत. वळत नाहीत.

रविवार, २७ जानेवारी

सरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, वडिलांना मोठ्या इस्पितळात ने म्हणाले, चार दिवस रजा घे म्हणाले. विश्वास कसा ठेवणार? मीही ठेवला नसता.

पण एक गोष्ट कळली. राजा पुन्हा माणूस होतो त्यासाठी वेगळी चित्रं नाहीत. हीच अठ्ठेचाळीस उलटी लावायची, शेवटाकडून पहिल्याकडे. म्हणजे भाऊ परत येतील! मात्र सर अर्ध्यातून उलटं करणार नाहीत, आधी अठ्ठेचाळीस पुरी व्हायला हवीत. उरलेली बारा मी काढली नाहीत तर ते दुसऱ्याकडून काढून घेतील, आणि मग उलटी लावेपर्यंत किती महिने जातील?

भाऊंना दाराआडून सांगितलं. ते "काढ" म्हणाले असावेत. शब्द नीट येत नाहीत.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

केलं. अठ्ठेचाळीस पूर्ण.

मान नाही. डोळे कानांजवळ गेलेत. तोंड छातीपासून पोटापर्यंत. दारातून मावत नाहीत, खोलीतच आहेत. ठमाबाई पळून गेल्या नाहीत, देव त्यांचं भलं करो. खिडकीतून कोंडा टाकतात, पेंढा टाकतात. सगळं जातं.

मी आत गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी ते तोंड झाकलं. मी दिसू नये म्हणून नाही. मला ते दिसू नये म्हणून.

एकच आठवडा. पुढच्या शुक्रवारी उलटं.

सोमवार, ४ फेब्रुवारी

मुंबईहून पैसे लावणारी मंडळी आली होती. तुकडा बघून खूश. म्हणाले, असला राक्षस पुन्हा माणूस कशाला करता, मजा जाते. याला असाच राहू द्या, फिल्म इथेच संपवा.

सर हो म्हणाले! मी ओरडले, पाया पडले. त्यांनी मागे दाखवलं. बादलीत सोड्याचं पाणी, त्यात माझे सेल. धुऊन पुन्हा वापरतात, महाग मिळतात ना. राजाचा रंग पाण्यावर तरंगत होता.

पेन्सिलचे कागद आहेत अजून. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मी पोटाशी धरून घरी आणलेत. शुक्रवारी गाळ्याची किल्ली माझ्याकडेच असते. सर शुक्रवारी मुंबईला जाणार. मी स्वतः लावीन.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

खाल्ले.

कागद ट्रंकेत होते. मी पाण्याला गेले तेवढ्यात – ट्रंकेचं झाकणसुद्धा. पेन्शनचं पुस्तक होतं त्यात, त्यावर भाऊंचा फोटो. एकुलता एक. तोही.

मी त्यांना मारलं. दोन्ही मुठींनी. माझ्या भाऊंना. ते नुसते हलत होते आणि बारीक आवाज करत होते. रडत होते ते.

बुधवार, ६ फेब्रुवारी

विचार कर शुभदा. तुझं काम काय? दोन टोकं दिली की मधली चित्रं भरणं.

एक टोक समोर बसलंय. दुसरं टोक भाऊंचा साधा चेहरा. तो हवा. महिनाभर मी त्यांना रोज तासन्‌तास पाहिलं, पण वेडावाकडा करूनच. साधा एकदाही काढला नाही. आठवायला बसले की तो जबडाच येतो डोळ्यांसमोर. नाक कसं होतं? पोटची पोर आणि बापाचं नाक आठवत नाही!

ठमाबाई म्हणाल्या, आरशात बघ. पहिल्या दिवशी दोघं दारात उभे होतात तवा वाटलेलं, एकच तोंड हाय. नाक, हनवटी, कपाळ, समदं.

आरसा घेतला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

चोवीस झाली. अठ्ठेचाळीसला वेळ नाही. पहिलं आत्ताचं रूप, चोविसावं भाऊ. माझा चेहरा, त्यावर सुरकुत्या, पांढरे केस, बसलेले गाल. बरोबर आहे. भाऊच आहेत. खिडकीतून त्यांना दाखवलं तर कागदाला हात लावला नाही. खाल्लं नाही! कितीतरी वेळ बघत होते.

उद्या.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

गाळ्यात. सकाळचे नऊ. माग बंद. ठमाबाईंचा पुतण्या नवशा सायकलवर आहे, घरचं कळवायला.

१ ते ५ झाली. दोनदा बटण, कागद बदल, दोनदा बटण.

नवशा आला. मान दिसायला लागली म्हणतो! मी त्याला मिठीच मारणार होते. पळ, पुन्हा जा म्हटलं.

९. माझी दाढ ठणकते. रात्रभर जागरण, त्यानं.

११. भाऊ बोलले! पाणी मागितलं. नवशा रडत सांगत होता. मला भूक लागलीये फार. डबा संपवला.

१३ – हिरडीला बोट लावून पाहिलं. टोक आहे. दुसरं.

कळलं. चेहरा माझा आहे ना यात. मॉडेल मी आहे. त्यांच्या अंगावरून उतरतंय ते कुठेतरी जायला हवं – माझ्याकडे येतंय. थांबले तर? थांबले तर दोघंही अर्धे राहू. भाऊ अर्धे. नाही.

१६. पोलक्याची बाही उसवली. बोटं जाड झालीत, बटण एकदा दाबावं तर दोनदा दाबलं जातं. मोजून करायचं. घाई नाही.

नवशाला आत घेतलं नाही. दाराआडून विचारलं. भाऊ ओसरीवर बसलेत. शुभा कुठाय विचारतात. सांग म्हटलं, ड्युटीवर आहे. माझा आवाज ऐकून तो पळाला.

१९ – या वहीची शेवटची कोरी पानं कुठे गेली? मी – तोंडात कागदाची चव आहे –

२१. नवशानं ठमाबाईंना आणलंय, दाराबाहेर आहेत. ठमाबाई, बाहेरून कडी घाला. भाऊंना इथे येऊ देऊ नका. हट्ट करतील. रोह्याला न्या त्यांना. सांगा, शुभाचं लग्न झालं, लांब दिली. रुसतील, रुसू देत –

२२. डोळे बाजूला जातायत. कागद नीट दिस –

२३

भाऊ आलेत. खाली जिन्यात आहेत. काठीचा आवाज. शुभा म्हणून हाका मारतायत, माझ्या भाऊंचाच आवाज – कडी, ठमाबाई, कडी – एकच राहिलं – भाऊ, वर येऊ नका, मला फार भूक –