गुडघ्यांवरची धूळ

चिमीच्या आईस,

देव सांभाळतो आहे, इथे चिमीकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे?

नातू आता कुस्करलेलं केळं खातो. निम्मं पोटात, निम्मं कानात. चिमी कामावर गेली की त्याला सांभाळायला मावशी येतात. त्यांचाच मला संशय येत होता. "आज काय नवीन?" असं चिमीने विचारलं की रोज खाली बघून म्हणायच्या, "काही नाही हो." आणि बाळाचे गुडघे तर धुळीने भरलेले! पोराला जमिनीवर टाकून बाई झोपते की काय?

काल माझं सुतारकाम लवकर आटोपून न सांगता घरी गेलो. बाळ खोलीभर रांगत होतं.

मावशी ओशाळून म्हणाल्या, "चार दिवस झाले, आजोबा. पण ताईंना सांगू नका. पहिलं त्यांनाच दिसू दे."

संध्याकाळी चिमी ओरडली, "बाबा, रांगला!" मीही "अरे वा!" म्हणालो. खोटं बोललो, देव माफ करील.

आता तुझाही संशय येतो. चिमीने पहिलं पाऊल मी सुट्टीवर आलो त्याच दिवशी टाकलं, असं तू म्हणाली होतीस. खरंच त्याच दिवशी?

राहू दे. लिहू नकोस. कंबर शेकत जा.

चिमीचा बाप