शेऱ्याचा रकाना

आबा, काल धाराशिवला मी तुमच्यावर भर वर्गात चिडले आणि समोर बसलेल्या कुणाला ते कळलं नाही. निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून नव्या तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना शिकवायला बोलावतात. सरकारला कागद कसा लिहावा, म्हणजे गावाची गरज वरपर्यंत पोचेल आणि तिथं काहीतरी ठरेल, हा माझा विषय. मी नेहमीचं सांगत होते. वरच्या साहेबासमोर तुमचं गाव नसतं, तुमचा कागद असतो. काय हवं, कुणाला हवं, कधीपर्यंत हवं, हे त्याला पहिल्या दोन ओळींत दिसलं पाहिजे. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, शेऱ्याच्या रकान्यात निरंक लिहिलं तर चालतं का? आमचे सिनियर म्हणतात, तिथं जितकं कमी लिहाल तितकं बरं." मी अशी तडकले की तिचं तोंड एवढंसं झालं. तिचा काय दोष? तिच्या सिनियरच्या तोंडून मला तुमचा आवाज ऐकू आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही लोकांना निरंक लिहायला शिकवताच आहात.

बहात्तरचा दुष्काळ. जळकोटच्या अलीकडचं आपलं गाव तुमच्याच सजात, तुमच्याकडं दप्तर असलेल्या गावांत होतं. तुम्ही तलाठी, आपल्या बौद्ध वस्तीत पहिला सरकारी पगार तुमचा, पहिली इस्त्रीची पँट तुमची. वस्तीचं पाणी म्हणजे ओढ्यातला झरा, तो त्या साली दिवाळीलाच आटला. मग राहिली वेशीजवळची विहीर. कागदोपत्री ती सार्वजनिक. आपल्या बायकांनी कट्ट्याखाली घागरी मांडून उभं राहायचं, आणि वरून कुणाला दया आली तर तो ओतणार. सोसायटीच्या चेअरमनची गडीमाणसं आली की रहाट त्यांचा, मग त्यांची जनावरं, मग त्यांचं धुणं. आई आणि मी सकाळी शाळेच्या वेळेला जाऊन उभ्या राहायचो, घागर भरायला ऊन डोक्यावर यायचं. माझी सातवीची परीक्षा त्या कट्ट्याखाली बुडाली. तुम्ही तेव्हा दौऱ्यावर असायचा, गावागावाचा टंचाई अहवाल भरत.

शेजारच्या गावाला टँकर आला, आपल्याला आला नाही. आईनं कट्ट्यावरच्या एका बाईला सहज विचारलं, तर ती हसत म्हणाली, "आमाला काय इचारती? तुज्या नवऱ्यानंच लिवून दिलंय म्हनं, गावात पानी पुरेसं हाय." सगळ्या बायकांसमोर. आईनं होती तेवढी घागर उचलली आणि घराकडं वळली. मी तिच्या मागून चालत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती अजून उतरलेली नाही, आबा.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही चुलीपुढं बसलाय. ताटात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आई तव्यावरची भाकरी उलटत, तुमच्याकडं न बघता विचारते, "तुमी लिवलं व्हय, पानी हाय म्हनून?"

"इहिरीला पानी हायच की. म्या खोटं न्हाय लिवलं."

"कुनाला हाय?"

"रकान्यात गाव इचारलंय. वस्ती न्हाय इचारली."

"मंग बाजूला काय जागाच नव्हती कागदावर?"

"हाय. शेऱ्याचा रकाना. तितं निरंक लिवलंय."

"म्हंजी?"

"काय सांगायचं न्हाय, आसं." मग तुम्ही तिला समजावू लागलात. मलाही बोलावून घेतलंत, कारण मी हुशार होते आणि मला हे कळायला हवं होतं. शेरा लिहिला की साहेब प्रश्न काढतो. प्रश्न निघाला की फाईल थांबते. वरून तलाठी आपल्याच लोकांचं बघतो, असा बोभाटा होतो. "मला रस्त्याचं काम आनायचंय. पोटाला मिळंल सगळ्यास्नी. एका कागदात एकच मागावं, पोरी, दोन मागितली की दोनी जात्यात."

आई उठली. तुमच्या ताटाशेजारचा भरलेला तांब्या तिनं उचलला, घागरीत परत ओतला आणि रिकामा तांब्या होता तिथं ठेवून दिला. "घ्या," म्हणाली, "निरंक." तुम्ही कोरडी भाकरी तशीच गिळलीत आणि हात पुसत बाहेर गेलात.

रस्त्याचं काम आलं, हे मी नाकारत नाही. तुमचा कागद वर थांबला नाही. साऱ्या गावानं खडी फोडली, आपल्या वस्तीनंही फोडली, घराघरात चूल पेटली. तुम्ही निव्वळ भित्रे असता तर मी केव्हाच तुम्हाला सोडून दिलं असतं. पण तुम्हाला लिहिता येत होतं. कुठला शब्द कुठल्या साहेबाला हलवतो, काय आधी मांडायचं आणि काय गाळायचं, हे तालुक्यात तुमच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तो सगळा हिशेब डोक्यात करून तुम्ही जे गाळलंत ते आई होती. दिवसभर खडी फोडून ती पुन्हा कट्ट्याखाली जाऊन उभी राहायची. पावसाळ्यापर्यंत तिचं ते उभं राहणं चुकलं नाही. आणि तुम्ही एकदाही तिथं आला नाहीत.

पुढं मी तुमच्याच वाटेनं पंचायत समितीत लागले. आई गेली होती, तुम्ही निवृत्त होऊन आजारपणात माझ्याकडं उस्मानाबादला दोन खोल्यांत राहायला आला होतात. ऐंशीनंतरचं एक कोरडं वर्ष होतं. तामलवाडीकडच्या एका गावासाठी मी बोअरचा प्रस्ताव लिहीत होते. तिथंही तसाच कट्टा, तशीच वस्ती. मी शेऱ्याचा रकाना भरला आणि वर एक पुरवणी जोडली. कोण रहाटाला हात लावू शकत नाही, बायका किती वेळ उभ्या राहतात, कोणत्या पोरींची शाळा सुटली, सगळं. एक बोअर गावात, एक वस्तीत, दोन्ही याच उन्हाळ्यात. तुम्ही कॉटवर पडून ते वाचून घेतलंत आणि म्हणालात, "लई झालं. एकच बोअर माग. ही पुरवणी काढ. वस्तीचं फुडल्या साली बघ."

"पुढल्या सालापर्यंत त्या बायकांनी कुठं उभं राहायचं, आबा?"

मी तो कागद एक अक्षर न बदलता पाठवला. खरं सांगायचं तर तो साहेबासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त लिहिला होता.

महिन्याभरानं, मी ऑफिसातून आले तेव्हा, तुम्ही विचारलंत, "झाला का गं मंजूर?" मी म्हटलं, "झाला. जसा लिहिला तसा." तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "म्हंजी तवा म्या लिवाया पायजे व्हतं. तुजी आय उबी ऱ्हायली नसती." तुम्ही रडत होता. त्या एका वाक्याची मी शाळकरी असल्यापासून वाट बघत होते, आबा. मी तुमचे डोळे पुसले नाहीत. आत चहा करायला गेले आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

त्यानंतरच्या वर्षी मी त्याच गावासाठी दोन कागद केले. एकात फक्त गाव, दुसऱ्यात फक्त वस्ती. दोन्ही मंजूर झाले. एका कागदात एकच मागावं हे तुमचं बरोबरच होतं. पण तुम्ही तो दुसरा कागद कधी लिहिलाच नाहीत. आईचा कागद. बहात्तरला नाही, त्र्याहत्तरला नाही, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाही. माझा राग आहे तो यावर आहे, आणि तो मी आता म्हातारी झाले म्हणून सोडून देणार नाही.

हे पत्र घालायला पेटी नाही. लिहून झालं की कपाटात जाईल. तरी एक गोष्ट इथं लिहायलाच हवी, कारण ती मी कुणाला सांगितलेली नाही. काल त्या पोरीला समजावतानाही उलटंच सांगितलं. तुम्ही वाचलेला तो माझा पहिला प्रस्ताव मंजूर झाला नव्हता. वादाचा विषय दिसतो, आधी स्थळपाहणी व्हावी, असा प्रश्न काढून तो परत आला. पाहणी होईपर्यंत पावसाळा लागला. त्या उन्हाळ्यात गावालाही बोअर मिळाली नाही आणि वस्तीलाही. तुम्ही विचारलंत तेव्हा परत आलेला तो कागद माझ्या पिशवीत होता.