आधी तो राजीनामा फाड

प्रिय खारूताई,

काल फोनवर तू दादाला म्हणालीस, बाबांना सांगू नकोस, सोमवारी प्रयोगशाळेत राजीनामा देते आणि त्यांच्याकडे बघायला घरी येते. मी शेजारच्या खोलीतच होतो. बंद दाराआडून पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय हे ओळखणारा माणूस मी; दादाचा फोन तर अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. तेव्हा आधी तो राजीनामा फाड.

हो, पायातल्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, तुमच्या पाइपांत थर चढलाय. म्हटलं, बाई, पाइपांचं मला नका शिकवू, उपाय सांगा. मग त्यांनी तुझ्याच अभ्यासाचा विषय काढला. रोजच्या मटणापासून आतड्यातले जिवाणू काहीतरी बनवतात, यकृतात त्याचं आणखी भलतंच होतं आणि ते रक्तवाहिन्यांना छळतं. उलट डाळी-भाज्यांचा चोथा मिळाला, की त्याच जिवाणूंच्या वस्तीतून अशी आम्लं तयार होतात, की वाहिन्या मऊ राहायला मदत होते. यावर काम कुठे चालतं म्हणून विचारलं, तर तुमच्याच प्रयोगशाळेचं नाव! तिथे आमची पोरगी आहे, असं मी सांगितलं. बाईंनी पुन्हा रक्तदाब मोजला. वाढला होता.

मला हे चटकन पटलं, कारण हा धडा मी हात पोळून शिकलोय. सांडपाण्याच्या कामात नवा होतो. एका हॉटेलच्या टाकीला वास येतो म्हणून मी तिच्यात दोन कॅन ब्लीच ओतलं. टाकी चकाचक, मी खूश. आठवड्याभरात पुढचे सगळे पाइप तुंबले. मुकादम कडाडला, शहाण्या, घाण खाणारे जिवाणू म्हणजे आपले कामगार, तेच मारलेस की तू! मग दुसऱ्या टाकीतला गाळ बादलीने वाहून तीन आठवडे त्यांची वस्ती पुन्हा बसवली. पोटातल्या बिऱ्हाडांना कसं जपायचं ते मला कळतं. त्यासाठी तू माझ्या ताटाशी पहारा द्यायला नको. मटण आठवड्यातून एकदा, रोज वाटीभर मूग नाहीतर चवळी. रोज चालतो. पोटरी ठणकली की थांबतो, तिला एक शिवी हासडतो, पुन्हा चालतो. आणि कामावरही जाणार. बघतोच मला कोण घरी बसवतं ते.

तुला वाटेल, म्हाताऱ्याचा ताठा. तसं नाही गं. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तुझ्या आईने शाळेतली गणित शिकवायची नोकरी सोडली. सोड असं मी म्हणालो नव्हतो, पण थांबवलंही नाही. चार लोकांत तिचं कौतुक केलं आणि मोकळा झालो. काल तुझा बेत तिला सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मला तेव्हा कोणीतरी सोडू नकोस म्हणायला हवं होतं. सत्तावीस वर्षांनी म्हणाली. मी तिला जे म्हणालो नाही ते तुला लिहून देतो: सोडू नकोस. नोकरी सोडून आलीसच तर दार उघडणार नाही, आणि आतून कडी तुझी आईच घालणार आहे.

तुझाच हेकट
बाबा