ओवाळणीतली कॅसेट

तुमसर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. कुलदीप यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. तू पुण्यात बरा असशीनच, कारण तुझं तोंड मले मोबाईलवर दिसते आणि ते चांगलं गोल होऊन राहिलं आहे. बाबा परवा आंबागडवरून आले होते, बोडीच्या पाण्यातले शिंगाडे घेऊन. आईचा गुडघा ठीक आहे. राईस मिलवर लवकरचा हलका धान येऊन राहिला, त्यामुळे तुझ्या भाऊजींले घरी यायचं भान नाही. टीनाची परीक्षा झाली.

आता पाकीट झटकून पाहत असशीन, तू मागितलेली गेमची कॅसेट कुठं गेली म्हणून. नाही बाबू, कॅसेट नाही पाठवली. आधी वाच, मग चीड.

आधी लिहिणार होती की सापडत नाही. मग वाटलं, कुरिअरवाले फोडतीन असं लिहावं. मोबाईलवर टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं. तू तिथं नुसता अंगठा दाखवून मोकळा होतो, म्हणून कागद घेतला. कॅसेट शिलाई मशीनच्या खणात आहे, सुईधाग्याजवळ. लग्नात साड्यांच्या खाली ठेवून आणली होती मी.

तुझे व्हिडिओ मी सगळे पाहते. सगळं जग त्याच त्या नावाजलेल्या गेमांचे गोडवे गाते आणि तू ज्यांले कुत्रंही विचारत नाही अशा जुन्या गेमांची बाजू घेतो, हे मले आवडते. शेजारच्या शकुनबाईले पण दाखवते, माझा भाऊ म्हणून.

मग त्या कंदीलवाल्या गेमचा व्हिडिओ आला. टीनानं लावला. मी ब्लाऊजले हूक लावत होती, सुई तशीच राहिली.

"हा माझ्या लहानपणीचा सगळ्यात लाडका गेम," म्हणे. लाडका? अरे खोटारड्या! आठवते का तुले ती भाऊबीज? गावात त्याच दिवशी मंडईची जत्रा होती. बाबांनी ओवाळणीसाठी दिलेले पैसे तू सकाळीच मंडईत उडवले, मोटारसायकलचं चित्र असलेली कॅसेट घेतली. घरी टीव्ही गेममध्ये लावली, तर आत ना मोटारसायकल ना बंदूक. एक म्हातारा कंदील घेऊन हळूहळू चालते आणि खाली सगळं जपानी लिहिलेलं. तू अंगणात लोळून लोळून रडला होतास. मी ताट घेऊन उभी, तुझ्या हातात दमडी नाही. आई म्हणाली, "टाक आता तेच तिच्या ताटात." तू ती कॅसेट टाकली नाही, आपटली. कुंकवाचा करंडा सांडला होता, म्हणून मले पक्कं आठवते.

आणि म्हणे लाडका!

मले मात्र तो म्हातारा लाडका होता. त्याले कोणाले मारायचं नव्हतं. वारा आला की थांबायचं, कंदील झाकायचा, वारा गेला की चालायचं. एवढंच. तू दोन खोल्या खेळून रिमोट फेकायचा, "हे काय पोरींचं आहे" म्हणायचा.

आणि गेममधलं ते बंद दार. त्याची गोष्ट तू व्हिडिओत चित्र काढून काढून सांगितली. दार काही केल्या उघडेना, शेवटी तू म्हणे जेवायले उठला, परत येऊन पाहतो तर म्हाताऱ्याच्या कंदिलातलं तेल संपलेलं, सगळा अंधार आणि दार उघडं. उजेड गेल्याशिवाय ते दार उघडतच नाही, हे म्हणे तुले असं कळलं.

कुलदीप, तू जेवायले उठला नव्हतास. मी तुले वाढायले उठली होती. आई आवाज देऊन राहिली होती, "रेणू, त्याले भात वाढ," आणि मी रिमोट खाली ठेवला. तू जेवत होतास, तिकडे दार उघडलं.

खाली लोकांनी लिहिलं आहे, "दादा, तुमच्या संयमाले सलाम." संयम! तुझा! मी हसली आणि मग हसता हसता मले असं काही झालं की काय सांगू. जळली मी. हाव, जळली. सख्ख्या भावावर जळते म्हणून स्वतःचीच लाज वाटली, तरी जळली. तू इंजिनीअर झाला तेव्हा नाही जळली. पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा मी मोहल्ल्यात पेढे वाटले. तुले बाकी सगळं मिळू दे रे बाबा. पण हे एक तर माझं होतं.

टीनानं विचारलं, "आई, मामा गेम खेळत होता तेव्हा तू काय करत होती?" मी म्हटलं, भात वाढत होती.

त्यानंतर तुझा मेसेज आला, "ताई, ती माझी कॅसेट असेल तर पाठव ना, पुढच्या व्हिडिओत लावतो." तुझी? ओवाळणीत टाकलेली वस्तू कोणता भाऊ परत मागते रे?

आणखी एक. व्हिडिओच्या शेवटी तू छातीठोक सांगितलं की दार उघडलं की गेम संपतो. कोणी सांगितलं तुले? तू नागपूरले होस्टेलवर गेला, त्यानंतरही मी खेळत होती. मी त्या दारातून आत गेली आहे. शेवटपर्यंत गेली आहे.

भाऊबीजेले येजो. कॅमेरा आणजो. भाऊजींनी टीव्ही गेमची वायर जोडून दिली आहे, मी लावून पाहिला, म्हातारा अजून चालते. रिमोट माझ्या हातात राहीन, तू बाजूले बसजो. कॅमेऱ्यात पाहून एवढंच म्हणजो की ही माझी ताई रेणू, दार हिनं उघडलं. म्हणशीन तर पुढचं दाखवीन. नाही म्हणशीन तरी ओवाळीन, शिंगाडे उकडून देईन, पोटभर भातही वाढीन. पण मग कॅसेट खणातच राहीन आणि तुझी गोष्ट त्या दारातच संपीन.

दाराच्या पलीकडे काय आहे ते एकटीलेच माहीत असलेली,
तुझी ताई
रेणू